दणकट की काटक? : उणे अंशांतल्या कॅमेऱ्याचा इतिहास

मराठीत टिकाऊपणा सांगणारे शब्द पुष्कळ आहेत, परंतु ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दार दणकट असते, वाडा भक्कम असतो, दोर चिवट असतो. माणूस किंवा बैल मात्र काटक असतो. दणकट वस्तू आघात सोसते, कारण तिच्यात द्रव्य अधिक असते. काटक जीव हाल सोसतो, कारण त्याच्या गरजा कमी असतात. सांगोला-मंगळवेढा भागातला खिलार बैल नावाजला जातो तो केवळ अंगच्या ताकदीमुळे नाही. चाऱ्यापाण्याची ओढ सोसून तो उन्हात चालत राहतो म्हणून. कॅमेऱ्याच्या दुकानात हल्ली जो 'रगेड' शब्द ऐकू येतो, त्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. विकणारा दणकटपणा दाखवतो आणि घेणारा काटकपणा गृहीत धरतो. थंड, उंच पर्वतात कॅमेरा न्यायचा असेल तर हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. त्याला सुमारे एकशे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

हा विषय उजनीकाठावरून का मांडावा, असे कोणी विचारील. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि यशवंतसागर जलाशयाच्या काठाला करमाळा-माढा तालुक्यांतली केत्तूर, कुगाव, चिखलठाण, कंदर यांसारखी गावे आली. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, तसेच पट्टकादंबही उतरतात. मध्य आशियातून, तिबेटच्या पठारावरून येणारा हा हंसजातीय पक्षी हिमालय ओलांडून दक्षिणेत येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे अंगावर बसवून केलेल्या अभ्यासात त्याच्या उड्डाणाची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. कालिदासाने 'मेघदूता'त क्रौंचरंध्राला हंसद्वार म्हटले, ते काव्य म्हणून आपण वर्गात शिकवतो. पण हंस हिमालय ओलांडतात हा अनुभव त्या कल्पनेच्या मुळाशी आहेच. उजनीकाठच्या तरुणाच्या हाती कॅमेरा येतो तो बहुधा या पक्ष्यांमुळे. पुढे त्यातला एखादा हिमालयातल्या पदभ्रमणाला निघतो आणि विचारतो, "सर, कोणता कॅमेरा घेऊ?" आजवर त्याने कॅमेरा जपलेला असतो तो धुळीपासून आणि उन्हापासून. बर्फ त्याने पाहिलेलाच नसतो.

'उणे' हा शब्द मात्र त्याच्या चांगल्या परिचयाचा असतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृत साठा आणि ५३ टीएमसी उपयुक्त साठा. उन्हाळ्यात पाणी मृत साठ्याच्या रेषेखाली गेले की धरण 'मायनसमध्ये' गेले असे म्हणतात. २०२४ च्या जूनच्या आरंभी हा आकडा उणे साठ टक्क्यांच्या उंबरठ्यावर होता. धरणातला उणे आकडा टंचाई सांगतो आणि पर्वतातला उणे आकडा थंडी. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच पडतो. नेहमीचा आधार सरल्यावर काय चालू राहते?

हिमालयातल्या छायाचित्रणाच्या आरंभी हा आधार माणसांच्या पाठीवरून जात असे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६३, १८६४ व १८६६ अशा तीन वेळा हिमालयात शिरला. त्या काळची पद्धत ओल्या काचेची होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळायच्या आत ती धुऊन काढायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या हे सारे आलेच. पहिल्या प्रवासात बोर्नबरोबर तीसेक हमाल होते. तिसऱ्या प्रवासात ही संख्या ऐंशीच्या घरात गेली. त्या प्रवासात मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, त्याने चित्रे घेतली. इतक्या उंचीवर घेतलेली चित्रे तोवर कोणाजवळ नव्हती.

हा कॅमेरा दणकट होता का? लाकडी पेटी आणि काच यांना दणकट कोण म्हणेल? तो काटक होता का? मुळीच नाही, एका चित्रामागे त्याला अख्खी प्रयोगशाळा लागत असे. तरीही तो मणिरंगला पोचला, कारण त्याच्या सगळ्या गरजा दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर होत्या. हमाल वाटेत पळून जात आणि त्यांना काठीचा धाक दाखवावा लागे, हे बोर्नने स्वतःच आपल्या प्रवासलेखांत नोंदवले आहे. चित्रांखाली नाव बोर्नचे आहे. काचा वाहून नेणाऱ्यांची नावे त्या चित्रांखाली नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला ही अनुपस्थिती ओळखीची वाटावी. ग्रंथाचा कर्ता आपल्याला ठाऊक असतो; लेखनिक, कागद करणारा, पोथी डोक्यावरून नेणारा हे इतिहासाच्या समासातही येत नाहीत.

१८८० च्या दशकापर्यंत कोरड्या काचा रूढ झाल्या आणि पर्वतातल्या छायाचित्रकाराची अंधाऱ्या तंबूपासून सुटका झाली. याचा सर्वांत मोठा लाभ विट्टोरियो सेल्ला या इटालियन छायाचित्रकाराने करून घेतला. आल्प्समध्ये त्याने ३० × ४० सेंटिमीटरच्या काचा वाहिल्या होत्या. १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्डबरोबर त्याने कांचनजंगेला प्रदक्षिणा घातली आणि १९०९ मध्ये अब्रुत्झीच्या ड्यूकबरोबर तो के-टूच्या पायथ्याशी गेला. त्याची चित्रे पुढे गिर्यारोहकांनी नकाशासारखी वाचली. कॅमेरा अजून जडच होता, पण त्याची एक मोठी गरज गळून पडली होती. पर्वतातल्या कॅमेऱ्याची खरी प्रगती अशीच झाली आहे. तो अधिक बळकट होत गेला त्यापेक्षा अधिक वेळा त्याची एखादी गरज कमी झाली.

एव्हरेस्टच्या १९२२ आणि १९२४ च्या ब्रिटिश मोहिमांत चलच्चित्रणाचे काम जॉन नोएलकडे होते. १९२२ मध्ये त्याने फिल्म तंबूतच धुतली. १९२४ मध्ये दार्जिलिंगला प्रयोगशाळा उभारून फिल्म तिकडे पाठवण्याची व्यवस्था केली. थंडीत यंत्राचे पहिले शत्रुत्व तेलाशी असते, हे त्याच्या लक्षात आले होते. तेल आणि ग्रीस शून्याखाली घट्ट होतात आणि शटर मंदावते किंवा अडकते. म्हणून पुढेही ध्रुवप्रदेशात जाणारे छायाचित्रकार कॅमेरा उघडून त्यातले वंगण काढून टाकत. एरवी ज्या स्निग्धतेने यंत्र चालते तीच येथे त्याला थांबवते.

त्याच १९२४ च्या मोहिमेत दुसरा एक कॅमेरा होता. कोडॅक कंपनीचा व्हेस्ट पॉकेट हा घडीचा कॅमेरा १९१२ मध्ये बाजारात आला होता. तो बंडीच्या खिशात मावे आणि एका फिल्मवर आठ चित्रे येत. हॉवर्ड सॉमरवेलने आपला असा कॅमेरा जॉर्ज मॅलरीला दिला. (हा सॉमरवेल पुढे त्रावणकोरातल्या नेय्यूर येथे अनेक वर्षे डॉक्टर म्हणून राबला.) ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन शिखराच्या दिशेने गेले ते परतले नाहीत. मॅलरीचे शव १ मे १९९९ रोजी सापडले, पण कॅमेरा सापडला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये रोंगबुक हिमनदीवर अर्विनचे नाव शिवलेला मोजा आणि बुटातले पाऊल मिळाले; तेव्हाही कॅमेरा नव्हता.

एका खिशातल्या डबीवर गिर्यारोहणाच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रश्न अडून राहिला आहे: हे दोघे शिखरावर पोचले होते का? विशेष हे की कॅमेरा मिळाला तर फिल्म धुता येण्याची आशा तज्ज्ञांनी सोडलेली नाही, कारण जी थंडी यंत्राला मारते तीच फिल्मवरच्या सुप्त प्रतिमेला जपते. या छोट्या कॅमेऱ्यात दणकट असे काही नव्हते. पण त्याला हमाल लागत नव्हता, तंबू लागत नव्हता, वीज लागत नव्हती. मागच्या साठ वर्षांत कॅमेरा ऐंशी माणसांच्या पाठीवरून एका माणसाच्या खिशात आला होता.

२९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे शिखरावर पोचले तेव्हा हिलरीजवळ १९३० च्या दशकातला कोडॅक रेटिना होता. तो त्याने सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेत नेला होता. वर सुमारे पंधरा मिनिटांत त्याने बर्फकुऱ्हाड उंचावलेल्या तेनसिंगचे चित्र घेतले आणि मग खाली उतरणाऱ्या कड्यांची चित्रे घेतली. ती केवळ हौसेची नव्हती. आपण खरोखर येथे उभे होतो याचा तो पुरावा होता. स्वतः हिलरीचे शिखरावरचे चित्र मात्र नाही. बोर्नच्या काळी ओझे वाहणारा माणूस चित्राखाली उरला नाही, येथे कॅमेरा धरणाराच चित्रात उरला नाही. आणि तांत्रिक दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्या दिवशी त्या कॅमेऱ्याचे खरे कवच होते माणसाचे अंग.

पुढच्या तीन दशकांत यांत्रिक कॅमेऱ्याने काटकपणाची परिसीमा गाठली. जपानी साहसवीर नाओमी उएमुरा १९७८ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाडीने एकटा उत्तर ध्रुवावर गेला. त्याच्यासाठी निकॉनने टायटॅनियमचे कवच असलेले एफ-२ कॅमेरे खास बनवले. १९८२ मध्ये आलेल्या निकॉन एफएम-२ मध्ये बॅटरी लागे ती फक्त प्रकाशमापकाला. ती संपली तरी शटर चालतच राही आणि छायाचित्रकाराने प्रकाशाचा अंदाज अनुभवाने घ्यायचा. अशा कॅमेऱ्यालाही थंडीच्या अडचणी होत्याच. फिल्म ठिसूळ होऊन तुटे. कोरड्या हवेत ती वेगाने पुढे सरकवली तर स्थितिक विजेच्या ठिणग्यांच्या रेघा चित्रावर उमटत. उघडा धातू कातडीला चिकटे. पण या अडचणींवरचे उपाय माणसाच्या हातात होते: फिल्म सावकाश फिरवावी, धातूवर चिकटपट्टी लावावी, श्वास भिंगावर सोडू नये.

१९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक पोचले. मराठी गिर्यारोहणातल्या या दोन खुणांमधली चौदा वर्षे छायाचित्रणातल्या मोठ्या स्थित्यंतराची आहेत. पहिल्या खुणेच्या वेळी फिल्मचे राज्य होते. दुसरीच्या वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्म संपली आणि ठिसूळपणा, ठिणग्या, आठ-छत्तीस चित्रांची मर्यादा हे सारे संपले. परंतु एक जुनी गोष्ट नव्या वेषात परतली. कॅमेरा पुन्हा परावलंबी झाला.

डिजिटल कॅमेरा बॅटरीवाचून एक चित्रही घेऊ शकत नाही. लिथियम बॅटरीतला द्राव थंडीत मंदावतो, अंतर्गत रोध वाढतो, आणि निम्मी भरलेली बॅटरी अचानक रिकामी असल्याचे सांगते. तिला ऊब दिली की बरीचशी शक्ती परत येते. मात्र शून्याखाली असतानाच ती भारित केली तर तिचे कायमचे नुकसान होऊ शकते. पडदा मंदावतो. फिरत्या तबकडीची साठवणयंत्रे विरळ हवेत दगा देत, कारण त्यांचा वाचकाग्र हवेच्या पातळ थरावर तरंगत असे. ही अडचण आता घन स्मृतिपत्रांमुळे मिटली आहे. गारठलेला कॅमेरा उबदार तंबूत आणला की आत-बाहेर दव धरते आणि पुन्हा बाहेर नेल्यावर त्याचा बर्फ होतो. त्यावर उपाय साधा आहे: आत येण्यापूर्वीच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा, म्हणजे दव पिशवीवर धरेल. पावसाळी दिवसांत उजनीच्या काठावर कॅमेरा झाकणाऱ्याला हे तत्त्व नवे वाटणार नाही.

याच काळात 'रगेड' कॅमेऱ्यांचा स्वतंत्र वर्ग बाजारात आला. उदाहरणादाखल २०२३ चा ओएम सिस्टिमचा टीजी-७ घ्या: १५ मीटर पाण्यात चालणारा, २.१ मीटरवरून पडला तरी टिकणारा, १०० किलोचा दाब सोसणारा आणि उणे १० अंशांपर्यंत चालणारा. यातली पहिली तीन वैशिष्ट्ये दणकटपणाची आहेत. चौथे तेवढे थंडीचे आहे आणि नेमके तेच माफक आहे. मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर तापमान उणे २० च्याही खाली असते. उलट अनेक महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत वापराची कक्षा ० ते ४० अंश अशी छापलेली असते. करमाळ्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणजे उजनीकाठचा छायाचित्रकार त्या छापील कक्षेची वरची हद्द दरवर्षी ओलांडतच असतो; हिमालयात तो खालची ओलांडील. दोन्हीकडे यंत्र चालते ते पुस्तिकेच्या भरवशावर नाही, वापरणाऱ्याच्या काळजीवर.

आता या साऱ्यात पणाला काय लागलेले असते, याचा विचार करू. पर्वतातले चित्र हे फार पूर्वीपासून साक्ष म्हणून पाहिले जाते. २०१६ मध्ये पुणे पोलीस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. पुण्यातल्याच गिर्यारोहकांनी शंका घेतली. पुराव्यादाखल दिलेली छायाचित्रे दुसऱ्याच्या चित्रांत फेरफार करून बनवल्याचे ठरले, आणि नेपाळ सरकारने प्रमाणपत्र रद्द करून दहा वर्षांची बंदी घातली. मॅलरीच्या बाबतीत साक्षीदार हरवला; येथे साक्षीदारच फितवला गेला. याच्या उलट, मे २०१९ मध्ये निर्मल पूर्जा यांनी घेतलेल्या एका चित्राने शिखराजवळच्या धारेवर खोळंबलेली माणसांची रांग जगाला दाखवली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा एक तरुण गिर्यारोहक त्याच आठवड्यात एव्हरेस्टवरून उतरताना मरण पावला. जे शब्दांनी वर्षानुवर्षे सांगून कोणी ऐकले नव्हते ते त्या एका चित्राने ऐकवले. कॅमेरा त्या उंचीवर चालू राहिला नसता तर ही साक्ष उरली नसती.

साक्ष न उरण्याचा अर्थ उजनीकाठाला वेगळा सांगायला नको. पाणी उणे झाले की पलीकडच्या काठावर, इंदापूर तालुक्यात, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर येते आणि शेकडो मोबाइल त्याच्यासमोर उभे राहतात. देऊळ दगडाचे होते म्हणून राहिले, ते दणकट. पण त्या गावांतली पांढऱ्या मातीची घरे, पार, पाणवठे, बाजाराची वाट यांची चित्रे आज किती घरांत निघतील? १९७० च्या दशकात कॅमेरा ही तालुक्याच्या स्टुडिओत पाहायची वस्तू होती. बुडणाऱ्या गावात तो घेऊन फिरणारा विरळाच. तेथे थंडी नव्हती, उंची नव्हती, कोणताही साधा कॅमेरा चालला असता. उणीव होती ती कॅमेरा जवळ असण्याची. म्हणून 'कोणता कॅमेरा' या प्रश्नाचे पहिले उत्तर इतिहास असे देतो: जो खरोखर अंगावर राहील तो. पेटीत जपून ठेवलेला भारी कॅमेरा खिशातल्या हलक्या कॅमेऱ्यापुढे नेहमीच हरलेला आहे.

त्यानंतरचे प्रश्न ओघाने येतात. चार दिवस वीज मिळाली नाही तर तो चालेल का, आणि जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगालगत नेता येतील का? हातमोजे न काढता त्याची बटणे दाबता येतील का? मापकाला बर्फ करडा दिसतो, म्हणून प्रकाश एक-दोन टप्पे वाढवून घ्यावा लागतो. तो हाताने वाढवण्याची सोय आहे का? धूळ आणि पाणी रोखणारी बांधणी असेल तर उत्तम, कारण ती हिमालयातल्या बर्फाइतकीच उजनीच्या चिखलातही उपयोगी पडेल. पडण्या-आपटण्याचे आकडे शेवटी पाहावेत. ज्याला लांबच्या पक्ष्यांसाठी मोठे भिंग हवे आहे, त्याने त्याच कॅमेऱ्याकडून खिशात मावण्याची अपेक्षा करू नये. एक सोय घेतली की दुसरी सोडावी लागते. बोर्नपासून आजपर्यंत हे कोणालाही चुकलेले नाही.

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्यात नाही, वहीत आहे. चित्र घेतल्यावर तारीख, जागा आणि बरोबर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. वाटाड्याचे, ओझे वाहणाऱ्याचे नाव तर अवश्य. बोर्नची चित्रे आज संग्रहालयांत सुरक्षित आहेत, आणि त्यांच्या काचा वर नेणारी ऐंशी माणसे कोण होती हे सांगणारी एक ओळही त्यांच्याखाली नाही. ती ओळ लिहायला पेन्सिल लागते, आणि पेन्सिल कितीही उणे अंशांत चालते.